ज्याची त्याची मूठ

माझ्या डाव्या हाताला चार वर्षांनी सगळ्यात आधी जे कळलं, ते एका म्हशीच्या कासेचं तापलेपण. सस्तेवाडीच्या एका गोठ्यात मी वाकून बसले होते. दुधात गाठी येतात, असं मालक सांगत होता. मी सवयीनं डावा पंजा कासेच्या मागच्या अंगाला टेकवला आणि बोटांच्या टोकांना आच लागली. हात प्लास्टिकचा, बोटं रबराची आणि आच माझी. मी तिथंच शेणात बसकण मारली आणि हमसून हमसून रडले. मालक घाबरला. "डॉक्टरीणबाई, म्हस जगंल न्हवं?" असं पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

म्हैस जगली. मी डॉ. मंदाकिनी जगदाळे, फलटणची जनावरांची डॉक्टर. लग्न केलं नाही, कारण माणसांशी माझं फार वेळ जमत नाही. कडबाकुट्टीच्या यंत्रात अडकलेलं एक वासरू सोडवताना माझा डावा हात कोपरापासून गेला. डावा म्हणजे माझा तपासायचा हात. गाय गाभण आहे का, वासरू पोटात आडवं आहे की सरळ, हे सगळं त्याला कळायचं. उजव्यानं मी फक्त सह्या करत होते म्हणा ना.

नंतर मला 'मूठ' बसवली. मूठ म्हणजे दंडाच्या स्नायूंच्या हुकमावर चालणारा यांत्रिक हात. तो कुठल्या कंपनीचा नाही. जगभरच्या साठ-सत्तर लोकांनी फावल्या वेळात त्याचा कोड लिहिला, आणि त्या कोडाचा एक राखणदार म्हणजे माझा धाकटा भाऊ वीरधवल. पुण्यात नोकरी करतो आणि उरलेला जीव मुठीत घालतो. त्याच्या नादानं मीही थोडं शिकले आणि अडलेलं वासरू ओढायची पकड स्वतः लिहिली. किती जोर लावायचा, कुठं थांबायचं, कळ आली की कसं सैल सोडायचं, हे माझ्याइतकं त्या साठ-सत्तर जणांत कुणाला ठाऊक होतं? तो तुकडा माझ्या नावानं मुठीत गेला. पुढे लोकांच्या लक्षात आलं की तीच पकड अंडं धरायला आणि पोराचं बोट धरायलाही बरी. सरकारी सुरक्षा-चाचणीही त्याच तुकड्यावर पास झाली.

मूठ धरायची, पण तिला कळायचं काही नाही. कळण्यासाठी लागायची टिकली. 'संवेद' नावाच्या कंपनीची ही चिप खरोखर कपाळावरच्या टिकलीएवढी. दंडातल्या नसेच्या तुटक्या टोकावर ती बसवतात. हात तुटला तरी नसलेला हात दुखत राहतो, रात्री अंगठा पिरगळल्यासारखा होतो. टिकली त्या नसेला बारीक बारीक झटके देऊन गप्प बसवते. सरकारी दवाखान्यातही बसवून देतात, मीही बसवून घेतली होती. आता हेच झटके मुठीच्या बोटांतल्या संवेदकांनी ठरवले तर? गरम लागलं की एक ठेका, टोचलं की दुसरा. नस हळूहळू ते ठेके ओळखायला शिकते आणि मेंदूला वाटतं, बोट आहे. म्हणजे मूठ आणि टिकली यांचे कोड एकमेकांत मिसळायचे, एवढंच काम.

आणि तेवढंच करायची चोरी होती. कंटाळा करू नका, मला समजलं तर तुम्हालाही समजेल. दोन्ही कोड ओपन सोर्स. मुठीचं लायसन्स म्हणतं, घ्या, बघा, बदला, पण दुसऱ्याला दिलंत तर सगळंच्या सगळं याच अटींवर द्या, वरून नवी अट घालू नका. टिकलीचं लायसन्स म्हणतं, घ्या, बघा, बदला, पण दुसऱ्याला दिलंत तर आमच्याच अटींवर द्या. आणि त्या अटींत कंपनीच्या पेटंटांचं दीड पान. दोघीही चांगल्या घरच्या, पण सोवळं वेगळं. एकत्र शिजवून दुसऱ्याच्या पानात वाढायला गेलात की एका घरचं तरी मोडणारच. स्वतःच्या घरात, स्वतःपुरतं काहीही मिसळा, त्याबद्दल दोन्ही लायसन्सं चकार शब्द काढत नाहीत. भानगड सुरू होते ती देण्यात.

धवलला हे माझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक. तरीही गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आला, मी ओवाळलं, आणि त्यानं तबकात साडीऐवजी एक पेनड्राइव्ह ठेवला.

"आक्का, यंदा साडी नाही," तो म्हणाला. "डावा हात इकडं कर."

"काय करतोयस?"

"तू बस गं. मी करतो."

मुठीच्या मनगटात त्यानं तो स्वतःच खोचला, स्वतःच बटण दाबलं. कित्येक महिने जागून त्यानं ते मिश्रण बनवलं होतं. बहिणीनं ओवाळलं आणि भावानं दिलं, आमच्याकडं हे असंच चालतं. ओवाळणी घेताना 'थांब, बटण मी दाबते' असं कुठली बहीण म्हणते?

पहिले काही आठवडे नुसत्या मुंग्या आल्या. मग मुंग्यांतून बोटं वेगळी झाली. नस काय काय शिकली याचा नकाशा मुठीत तयार होत गेला आणि पौषात ती म्हैस भेटली. त्यानंतर मी हावऱ्यासारखी शिवत सुटले. शेळीचे कान, थंड नळ, भाकरीचा पापुद्रा, धवलचं टक्कल.

सुलाबाई शेंडगेच्या नजरेतून ते सुटलं नाही. ही बाई शेळ्या राखते. गुऱ्हाळाच्या चरकात हिचा उजवा हात गेला. मूठ आहे, टिकलीही आहे, कळत मात्र काही नाही. तिची करडी शेळी तपासताना मी डोळे मिटून शेळीच्या पोटावरून हात फिरवत होते.

"डाक्टरीणबाई, तुमास्नी कळतंय," ती एकदम म्हणाली.

"कळतंय."

"मंग मला बी द्या की. नातू हाय मला. त्यो माज्या ह्या हाताला भितोय. म्हनतो, आज्जी, लई जोरात दाबतीस. मला कळंल तर मी कशाला दाबीन वो?"

मी तिथूनच धवलला फोन लावला.

"देता येत नाही, आक्का," तो म्हणाला.

"मला दिलंस की!"

 तो म्हणाला, "तुलाही द्यायला नको होतं. दोन्ही कोड घेऊन तूच मिसळले असतेस, बटण तू दाबलं असतंस, तर ते तुझं तू केलेलं. मी मिसळलं आणि मी दाबलं, म्हणजे मी वाटप केलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एका बोटानं एवढा फरक पडतो? पडतो, असं लवकरच कळलं. सस्तेवाडीच्या मालकानं मी शेणात बसून रडत असल्याचा व्हिडिओ आधीच गावभर फिरवला होता. 'हात रडला' असं काहीतरी नाव देऊन. तो फिरत फिरत संवेदच्या ऑफिसात पोचला आणि तिथून दाव्याची नोटीस आली. माझ्या नावे नाही, मुठीच्या राखणदाराच्या, म्हणजे धवलच्या नावे.

धवल फलटणला आला तोच खालमानेनं. चहा घेतला नाही.

"आक्का, त्यांनी तोडगा दिलाय. मुठीचं लायसन्स आपण सैल करायचं. कुणीही घ्या, काहीही करा, असं. मग मिश्रण त्यांना कायदेशीर देता येईल. सुलाबाईलाही मिळेल. माझ्यावरचा दावा मागे."

"आणि तू काय म्हणालास?"

"लायसन्स बदलायचं तर ज्यानं ज्यानं लिहिलंय त्या प्रत्येकाची संमती लागते. मी सगळ्यांना लिहिलं. बहिणीच्या हातासाठी म्हणून लिहिलं. सगळ्यांनी दिली. ब्राझीलच्या त्या म्हाताऱ्यानंही दिली, जो स्वल्पविरामावरून भांडतो. एकच राहिलंय."

"कोण?"

"तू."

 वासरू ओढायची पकड! ती काढून नवी लिहायची तर सुरक्षा-चाचणी पहिल्यापासून, म्हणजे दोन-तीन वर्षं. संवेदला तेवढा धीर नव्हता.

"हे लायसन्स कुणी ढिलं करायला सांगितलं तर तू अंगावर जायचास," मी म्हणाले.

"जायचो. पण तुझा हात परत थंड पडलेला मला बघवणार नाही." तो माझ्या मुठीकडं बघत होता. "सही कर आणि मोकळी हो."

"माझ्यासाठी केलंस सगळं. मला विचारलंस का?"

यावर आम्ही दोघं इतकं भांडलो की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

शेवटी मी म्हटलं, सहीचं तिथं गेल्यावर बघू. पुण्यात संवेदच्या ऑफिसात निखिलेश कर्णिक नावाचा माणूस समोर बसला होता. गोड बोलणारा, नखं स्वच्छ. त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला आणि उजव्या हातात पेनही दिलं.

"आधी एक सांगा," मी म्हणाले. "हे झालं की तुम्ही मूठ विकणार?"

"सुधारित मूठ, मॅडम. स्पर्शासहित."

"आणि ती बिघडली तर? आमच्या इथं रेडिओ दुरुस्त करणारा बाळासाहेब नाळे आहे, तो आज गावच्या मुठी उघडतो. सुधारित मूठ त्याला उघडता येईल?"

"सुरक्षेच्या दृष्टीनं ते अधिकृत केंद्रातच."

"कोड बघता येईल?"

"जुन्या मुठीचा कोड आहे तसा खुला राहीलच की. तो आम्ही कोण काढून घेणार?"

"आणि तुमची पुढची टिकली जुन्या मुठीशी बोलेल?"

कर्णिक हसला आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यानं थोडा बाजूला केला. एवढं मला पुरलं. जनावर कुठं दुखतंय ते सांगत नाही, फक्त अंग चोरतं. मी आयुष्यभर तेच बघत आले आहे.

"सही नाही करणार," मी म्हणाले.

"मग दाव्याचं काय? मिस्टर जगदाळ्यांनी आमचा कोड आमच्या अटी मोडून तुम्हाला दिला. तो तुमच्या दंडाला अजून आहे."

"तुमच्या लायसन्सच्या शेवटच्या पानावर एक ओळ आहे. अटी मोडून दिलेली प्रत नष्ट केली तर दोष मिटतो, हक्क परत मिळतात. मी वाचलंय. मला इंजेक्शनच्या बाटलीवरचा बारीक मजकूरसुद्धा वाचायची सवय आहे."

धवलला आधी कळलं. तो खुर्चीतून उठला.

"आक्का, नको. प्रत पुसली की नकाशाही जाईल. नस एकदा शिकते. दुसऱ्यांदा शिकेलच असं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"नकाशा वेगळा काढून ठेवता येईल?"

"तो त्याच मिश्रणाचा भाग. तोही पुसावा लागेल."

मी मूठ टेबलावर ठेवली. टेबल गुळगुळीत होतं आणि एसीमुळे गार होतं. ते गार लागणं मी नीट लागू दिलं. मग फोन काढला, उजव्या अंगठ्यानं 'पुसा' दाबलं, 'नक्की?' असं विचारलं तेव्हा पुन्हा दाबलं. करंगळी आधी गेली. मग मधली दोन. तर्जनी बराच वेळ रेंगाळली, आणि मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, थांब गं, थांब. ती पण गेली. टेबल गार आहे हे आता फक्त मला माहीत होतं.

"झालं," मी कर्णिकला म्हणाले. "माझ्या भावानं मला काहीही दिलेलं नाही. दावा कशावर लावता?"

त्यानं कागद परत ओढून घेतला. मला रडू येत होतं, पण त्याच्यापुढे रडायची माझी तयारी नव्हती. जिन्यात रडले.

परतीच्या वाटेवर लोणंद आलं, गाडी धवल चालवत होता. डोळे मात्र सारखे पुसत होता.

"रडायचं असेल तर गाडी बाजूला घे," मी म्हणाले. "आणि मला एक सांग. लोणचं देता येत नाही ना? मग कृती दे."

"म्हणजे?"

"दोन्ही कोड ज्याच्या त्याच्या घरी पडलेले आहेत, सगळ्यांना मिळतात. ते कसे मिसळायचे, एवढंच तू लिहून काढ. त्यांच्या कोडातली एक ओळही तुझ्या कागदात नको. बाकी ज्याचं त्यानं करायचं, आपल्या फोनवर, आपल्या बोटानं. कृती सांगायला कुणाचं लायसन्स लागतं?"

त्यानं खरोखरच गाडी बाजूला घेतली. "लागत नाही," तो म्हणाला. "पण आक्का, सुलाबाई हे करेल?"

"सुलाबाई पन्नास शेळ्या राखते. तू एक मांजर सांभाळून दाखव."

त्यानं कृती मराठीत लिहिली, फोननं वाचून दाखवावी अशी. त्या साठ-सत्तर जणांना त्यानं पुन्हा पत्र लिहिलं, की संमती परत घ्या, बहीण नाही म्हणते. ब्राझीलच्या म्हाताऱ्यानं उलट टपाली कळवलं, की तिला माझा नमस्कार सांग.

बाजाराच्या दिवशी माझ्या दवाखान्याच्या शेडमध्ये दहा-बारा जण जमले. कुणी थ्रेशरमध्ये हात गेलेला, कुणी अपघातात. कोण कुणाचं बटण दाबतंय ते टिपायला संवेदनं कॅमेरा घेऊन एक माणूस पाठवला होता. त्याला मी खुर्ची दिली आणि सगळ्यांना बजावलं, दुसऱ्याच्या फोनला कुणी बोट लावायचं नाही. मी स्वतः हात पाठीमागे धरून उभी होते. सांगते, आयुष्यात एवढं अवघड काम केलं नाही. सुलाबाईचा डावा अंगठा स्क्रीनवरून घसरत होता. फोन मांडीवरून पडला, ती फोनला वाट्टेल ते बोलली. तिचा नवरा न राहवून पुढे झाला, तर सगळी शेड ओरडली, "हात लावू नका!" बिचारा दोन्ही हात वर करून मागे सरला. कॅमेरावाल्यालाही हसू आवरेना.

सगळ्यांचं झाल्यावर मी माझं केलं. माझ्या अंगठ्यानं. काही झालं नाही. मुंग्यासुद्धा आल्या नाहीत.

उन्हाळा लागेपर्यंत बाकीच्यांच्या मुंग्यांची बोटं झाली होती. माझी नस रुसलेलीच. वेताला गेले की उजवा हात आत घालायचा आणि चाचपडायचं, असं चाललं होतं. दोनदा चुकले. एक वासरू हातचं गेलं. त्या दिवशी मी स्वतःला, संवेदला आणि धवललाही शिव्या घातल्या.

नेमका तेव्हाच कर्णिक आला. थेट शेडमध्ये, बुटाला शेण लागू न देता चालत. सुलाबाई शेळीला टोचून घ्यायला आली होती, ती कोपऱ्यात उभी होती. त्यानं एक छोटी डबी टेबलावर ठेवली.

"मॅडम, तुमचा नकाशा," तो म्हणाला. "टिकली दर आठवड्याला तिची नोंद आमच्याकडे पाठवत होती. तुम्ही पुसलात, आमच्याकडे राहिला. नव्यानं शिकायची गरज नाही. आजच्या आज हात परत. फक्त ती सही."

खरं सांगते, माझा जीव त्या डबीत गेला. भाकरीचा पापुद्रा आठवला, ती म्हैस आठवली, हातून गेलेलं वासरू आठवलं. उजवा हात आपसूक पुढे गेला होता, तो मी मागे घेतला.

"माझी नस काय शिकली ते मला न विचारता नेलंत," मी म्हणाले.

"अटींमध्ये होतं, मॅडम."

"असेल. आता माझी अट ऐका. मी सही केली तर या सुलाबाईची पुढची टिकली हिच्या मुठीशी बोलेल?"

"त्यांना सुधारित मूठ घेता येईल."

"तिला हीच हवी. हिच्यात तिनं स्वतः मिसळलंय, आणि बिघडली तर बाळासाहेब उघडतो." माझा आवाज चढला तशी बाहेरची कुत्रीही उठली. "डबी घेऊन जा. माझा हात शिकेल तर माझ्याकडून शिकेल, नाहीतर मरेपर्यंत असाच राहील. तुमच्याकडून मी तो विकत घेणार नाही, उसना घेणार नाही आणि बक्षीसही घेणार नाही. सही नाही. परत येऊ नका."

कर्णिकनं डबी उचलली. एवढं ऐकूनही सभ्यपणा सोडला नाही, निघताना सवयीनं हात पुढे केला. मी माझे दोन्ही मागेच ठेवले. तेव्हा सुलाबाई पुढे झाली, पदराला मूठ पुसली आणि त्याचा हात हातात घेतला. दाबला नाही, नुसता धरला, नातवाचा धरावा तसा. मग तिनं मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"अगं बया," ती म्हणाली. "सायब, हात गार पडलाय की वो तुमचा. बसा, च्या टाकते."